हवालदारांनी लिहिलेली दुपार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष सन्माननीय लालासाहेब मोहिते, संस्थेचे चिटणीस नानासो, आमचे मुख्याध्यापक आवटी सर, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, माझ्याबरोबर चार वर्षं खडूची धूळ खाल्लेले शिक्षक-शिक्षिका, गिरणीची पाळी संपवून घरी न जाता थेट इथं आलेले पालक, आणि सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या मुलामुलींनो,

चार वक्त्यांनी माझ्याविषयी जे सांगितलं ते मी मान खाली घालून ऐकलं. निवृत्त होणाऱ्या माणसानं मान खालीच घालायची असते, त्यामुळं चेहरा कुणाला दिसत नाही. ज्या बाईंचं वर्णन चाललं होतं त्या फारच थोर असाव्यात. मला त्यांना एकदा भेटायला आवडेल.

त्यात नानासोंनी एक वाक्य असं म्हटलं, की पाटण तालुक्यातली शाळा सोडून बाई माधवनगरच्या विद्यार्थ्यांच्या ओढीनं इथं आल्या. नानासो, हा तुमचा मोठेपणा. पण आज माझा शेवटचा दिवस आहे, तेव्हा खरं सांगून टाकते. मी ओढीनं आले नाही. माझ्याविरुद्ध गावानं अर्ज केला आणि संस्थेनं मला तिथून हलवलं. इथं आल्यावर तुमची ओढ लागली, हेही तितकंच खरं आहे.

आवटी सरांनी काटकसर म्हणून माझा निरोप आणि शाळेच्या नवलेखक मंडळाचं उद्घाटन एकाच हारात उरकायचं ठरवलं. मंडळाच्या मुलांचा आग्रह असा, की ज्यांना लिहायचं आहे त्यांना बाईंनी जाता जाता उपयोगाच्या चार गोष्टी सांगाव्यात. आता उपयोगाच्या गोष्टी म्हणजे काय? रोज लिहा, पुष्कळ वाचा, अक्षर सुवाच्य काढा, हे तुम्हाला कुणीही सांगेल, आणि ते चूकही नाही. पण मी जन्मभर मराठी शिकवून खऱ्या अर्थानं लिहायला शिकवलं ते एकाच माणसाला. तो विद्यार्थी नव्हता. त्याचं काय झालं ते सांगते. त्यातून उपयोगाचं काही निघालं तर ठेवा. अध्यक्ष महाराज, थोडा वेळ लागेल, त्याची परवानगी असावी.

हेळवंडी हे कोयनेच्या काठचं गाव, पाटणच्या अलीकडं. सदुसष्टच्या भूकंपात आमची शाळा पडली, तेव्हापासून वर्ग पत्र्याच्या खोल्यांत भरत. गाव उसाचं आणि पलटणीचं. ज्या घरात शेताला माणूस पुरून उरे त्या घरातला एक मुलगा फौजेत, असा हिशेब. त्यात कुणाला काही वेगळं वाटत नसे.

एकाहत्तरच्या लढाईत त्या गावचा कृष्णात नावाचा जवान गेला. लग्न व्हायचं होतं. मागं वडील नाथाजी आणि आई राहीबाई. नाथाजी स्वतः मोठ्या लढाईत इटलीपर्यंत जाऊन आलेले, गावात सगळे त्यांना आबा म्हणत. पंधरा ऑगस्टला कोटावर बिल्ले लावून ते झेंड्याजवळ ताठ उभे राहत, तेव्हा मुलंसुद्धा आपोआप ताठ होत.

त्र्याहत्तर साली गावानं कृष्णातचं स्मारक उभारायचं ठरवलं. शाळेच्या वाटेवर चौथरा, त्यावर काळा दगड, दगडावर नाव. आणि अनावरणाच्या दिवशी एक स्मरणिका. तो गेला तेव्हा त्याच्या शेजारी असलेला माणूस गावातच होता. हवालदार हंबीरराव, नुकतेच पेन्शनीत आलेले. सरपंच आप्पासोंनी त्यांना सांगितलं, तू डोळ्यांनी पाहिलंस, तूच लिही.

म्हणून हंबीरराव माझ्याकडं आले. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी हौशी मुलांना लिहायला बसवत असे. दारात हे उंचेपुरे गृहस्थ उभे. म्हणाले, पलटणीत घरी खुशाली लिहिण्यापलीकडं कधी लेखणी धरली नाही, मला शिकवा. मी म्हटलं, बसा. ते आठवीच्या बाकावर गुडघे मुडपून मुलांच्यात बसले. मुलं आधी हसली, मग विसरली.

पुढच्या शनिवारी त्यांनी लिहून आणलं. ते अजून माझ्या लक्षात आहे. 'रणभूमीवर तोफा धडाडत होत्या. भारतमातेचा सुपुत्र कृष्णात सिंहाप्रमाणे शत्रूवर तुटून पडला. छातीवर गोळी झेलून, मुखाने जयजयकार करीत त्याने हसतमुखाने देह ठेवला.' असं पानभर. शुद्धलेखन जवळजवळ निर्दोष. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मी विचारलं, "हवालदार, रणभूमी म्हणजे कुठली जमीन? तिच्यात काय पेरलं होतं?"

त्यांनी आपला कागद पुन्हा एकदा वाचून पाहिला. मग म्हणाले, "ऊस हुता, बाई."

मुलांनो, हे मी तुम्हाला आधी सांगते. 'रणभूमी' हा शब्द लिहायला रणभूमीवर जावं लागत नाही. इथं सतरंजीवर बसूनही तो लिहिता येतो. जो शब्द न पाहता लिहिता येतो त्याच्याविषयी सावध असा. पाहिलेल्या माणसानं पाहिलेलंच लिहावं. ऊस असेल तर ऊस.

त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी उसाचं पान आणलं. पंजाबच्या सरहद्दीवरचा ऊस. आपल्यापेक्षा बारीक, पेरं आखूड, पाचट न काढलेलं, पानांना पहाटेच्या दहिवराचा, म्हणजे दवाचा, वास. त्यात तुकडी दबा धरून बसलेली. आपल्या मालकीचा नसलेला ऊस तुडवताना पोरांना कसंतरी वाटत होतं, असंही त्यांनी लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि मला कळलं, की हा माणूस लिहू शकतो. पण पान तिथं संपत होतं. पुढचे कितीतरी शनिवार ते तेच पान पुन्हा नव्यानं लिहून आणत. ऊस आणखी खरा होत गेला, पण गोळी काही सुटेना.

एकदा मुलं गेल्यावर ते ओट्यावर थांबले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि जमिनीकडं बघत सांगायला लागले. मी त्यांना मध्येच काही विचारलं नाही. ऐकणाऱ्यानं कधी गप्प बसावं हे ओळखणं लेखकाच्या उपयोगाचं आहे, म्हणून सांगून ठेवते.

गोळी छातीत लागलीच नव्हती. ती पोटात लागली. दुपार नुकती होत होती. वर गोळीबार असा चाललेला, की उसातून डोकं काढायची सोय नाही, त्यामुळं कृष्णातला मागं नेता येईना. हंबीरराव त्याच्याशेजारी पालथे पडून राहिले. पहिल्यांदा तो शुद्धीत होता, बोलतही होता. पडल्या पडल्या त्यानं उसाचं एक कांडं हातात धरलं आणि म्हणाला, "दादा, ह्यो खोडवा दिसतोय. लागण न्हवं ही. कुनाचा असंल?" खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, लागण म्हणजे नव्यानं लावलेला. हंबीरराव म्हणाले, असेल इथल्याच कुणाचा. मग घरच्या उसाचं बोलणं निघालं.

नंतर त्याला तहान लागली. पोटात गोळी लागलेल्याला पाणी द्यायचं नसतं, हे पलटणीत शिकवलेलं. हंबीररावांच्या कमरेला पाण्यानं भरलेली बाटली होती. तो मागत होता आणि हे देत नव्हते. फडकं ओलं करून त्याच्या ओठांवर फिरवत होते. तो शिव्या द्यायला लागला, मग पाया पडायला लागला, मग आईला हाका मारायला लागला. आणि ऊन कलायला लागल्यावर, अगदी शांतपणे, हंबीररावांना ओळखून, म्हणाला, "आबानं आनलं मला. मला न्हवतं यायचं." त्यानंतर तो बोलला नाही. अंधार पडायच्या आत गेला.

सुट्टीवर आल्यावर हंबीररावांनी त्याच्या आईवडिलांना सांगितलं होतं ते एवढंच, की गोळी छातीत लागली, बोलायलासुद्धा वेळ मिळाला नाही. तशा वेळी कुणीही हेच सांगितलं असतं. मीही.

"आता ह्ये कसं लिव्हू?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, लिहिणं आणि छापणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. ती एका वेळी करू नका. आधी नुसतं लिहा. छापायचं का, हे कागदावर उतरल्यावर बघू. हा सल्ला मी तुम्हालाही देते, आणि आजही तो बरोबर वाटतो. डोळ्यासमोर छापखाना ठेवून लिहायला बसलेल्या माणसाच्या हातून कृष्णात जयजयकारच करतो.

त्यांनी लिहिलं. दिवाळीच्या सुट्टीत लिहिलं. शाळेच्या फुलस्केप कागदावर, पेन्सिलीनं, दोन्ही बाजूंनी. मला वाचून दाखवलं तेव्हा एकाच ठिकाणी मी अडले. शेवटचं वाक्य त्यांनी असं केलं होतं: 'माझ्या वडिलांनी मला सैन्यात धाडले, माझी इच्छा नव्हती.' मी विचारलं, असं बोलला का तो? ते म्हणाले, छापील भाषेत असं होतं. मी म्हटलं, मरणाऱ्या माणसाचं व्याकरण आपण सुधारायचं नाही. त्यांनी ते खोडलं आणि जसं होतं तसं लिहिलं. लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं, ते मला आठवतं, कारण त्यांना दुसरं टोक करता येईना. मी करून दिलं.

मग मी त्यांना सांगितलं, हा लेख आप्पासोंच्या हातात द्यायच्या आधी आबांना आणि राहीबाईंना वाचून दाखवा. कुणाच्या घरातलं दुःख तुम्ही उचलून आणलं असेल तर ते बाजारात मांडायच्या आधी एकदा त्या घरात घेऊन जा. त्यांनी नको म्हटलं तर कागद पेटीत ठेवा आणि लिहायला मिळालं एवढ्यावर समाधान माना. हे फार अवघड आहे. पण ज्यांना हे जमत नाही त्यांनी दुसऱ्याविषयी लिहू नये, असं माझं मत आहे. ते कुणाला पटलं नाही तरी मी आज निवृत्त होते आहे, आता ते बदलायचं नाही.

हंबीरराव म्हणाले, एकट्यानं जाववणार नाही. म्हणून एका रविवारी दुपारी मीही गेले. राहीबाई सोप्यात सुपात हुलगे निवडत होत्या. आबा खांबाला टेकून बसले होते. आम्ही कशाला आलो ते हंबीररावांनी सांगितलं. म्हणाले, "आबा, मी तवा सांगितलं ते तसं न्हवतं. लिव्हून आनलंय. ऐका, मग काय म्हनायचं ते म्हना." आबांनी मानेनं वाच म्हटलं.

ते वाचत गेले. पाणी मागितल्याचा भाग आला तेव्हा राहीबाई उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, आता येत नाहीत. त्या तांब्याभांडं घेऊन आल्या. भांडं भरून हंबीररावांच्या पुढं ठेवलं आणि परत सुपाशी बसल्या. तो पाहुणचार होता की आणखी काही, हे मला आजही सांगता येणार नाही. हंबीररावांनी भांड्याला हात लावला नाही. वाचत राहिले. शेवटचं वाक्य वाचलं आणि कागद खाली ठेवले.

माणूस मारायला उठेल, रडेल, निघून जा म्हणेल, असं काय काय माझ्या मनात आलं होतं. आबा हलले नाहीत. मग समोरच्या भिंतीकडं बघत बोलले, "पयल्या भरतीला माप घेताना त्यानं छाती फुगवलीच न्हाई. मला कळलं हुतं. मी जलमभर भरत्या बघितल्यात. दुसऱ्या खेपंला मी संगं गेलो, सातारला. माझ्याम्होरं त्यानं फुगवली."

हंबीरराव म्हणाले, आबा, हा लेख मी कुणाला देत नाही. तेव्हा आबा म्हणाले, "दे. छापू द्या. त्याला यायचं न्हवतं ह्ये मी मेल्यावर कोन सांगनार?"

राहीबाई काही बोलल्या नाहीत. त्यांना कुणी विचारलंही नाही. ते मला फार दिवसांनी लक्षात आलं.

आप्पासोंनी लेख वाचला आणि छापायला नकार दिला. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. ते माझ्याकडं शाळेत आले, समोर बसले आणि कळवळून म्हणाले, "बाई, गावातली पोरं औंदा बी भरतीला जायाची हायत. त्यांच्या आयांनी ह्ये वाचायचं व्हय? पाण्यापायी पाया पडला म्हून?" मी एवढंच म्हटलं, की मग दुसरं कुणाचं तरी छापा. हंबीररावांनीही तेच सांगितलं.

स्मरणिका निघाली. तिच्यात पहिल्याच पानावर 'प्रत्यक्षदर्शी हवालदार हंबीरराव यांच्या लेखणीतून' असा मथळा, आणि खाली तोफा, सिंह, छातीवरची गोळी, जयजयकार. ते हंबीररावांनी दिलेलं नव्हतं; कुणी लिहिलं मला ठाऊक आहे, पण नाव घेत नाही. मुलांनो, तुम्ही लिहायचं नाही असं ठरवलंत म्हणून तुमच्या नावावर काही लिहिलं जात नाही, असं समजू नका.

अनावरणाला साताऱ्याहून पाहुणे आले. बँड होता. आबा आले ते साध्या सदऱ्यात, बिल्ले नाहीत. आप्पासोंनी त्यांना वीरपिता म्हणून दोन शब्द बोलायची विनंती केली. गावाला वाटलं, म्हातारा भारावून काही बोलणार नाही, हात जोडेल आणि खाली उतरेल. आबा माइकपाशी गेले आणि म्हणाले, "त्याला यायचं न्हवतं. मी नेला." तेवढंच म्हणून ते उतरले आणि चौथऱ्याला हार न घालता घराकडं चालायला लागले. बँडवाल्यांना कळेना काय करावं, म्हणून त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

त्या दिवसापासून हंबीरराव गावाला नकोसे झाले. त्यांनी म्हाताऱ्याचे कान भरले, शहिदाची अब्रू घेतली, असं ठरलं. त्यांचा ऊस तोडायला गावातलं कुणी जाईना. देवळाच्या पारावर ते बसले की बाकीचे उठत. त्यांची बायको पाण्याला गेली की बायका घागरी तशाच घेऊन मागं सरत. ज्या मुलांच्या शेजारी ते बाकावर बसत, त्या मुलांनाही घरून शनिवारी थांबायची बंदी झाली.

आणि आबा. आबा त्या दिवसानंतर घराबाहेर पडले नाहीत. आजारी असे नव्हते. डॉक्टर कराडहून आले, त्यांना काही सापडलं नाही. जेवण कमी होत गेलं. थंडी सरत आली आणि शिमग्याच्या आधी ते गेले. गाव म्हणालं, लिहिलेल्यानं मारला. तिसऱ्या दिवशी रक्षा सावडायला हंबीरराव नदीवर आले तर त्यांना माणसांत येऊ दिलं नाही. ते पलीकडच्या खडकावर उभे राहिले आणि सगळे गेल्यावर एकटे पाण्यात उतरले. गावानं संस्थेकडं जो अर्ज केला त्यात माझं नाव होतं. बाईंनी शिकवलं, असं त्यात लिहिलं होतं. ते खरंच होतं, त्यामुळं मी त्याला उत्तर दिलं नाही.

मंडळाच्या मुलांच्या चेहऱ्यावर मला प्रश्न दिसतो आहे, की मग लिहिलं नसतं तर आबा जगले असते का? मला माहीत नाही. मी चार वर्षं विचार करते आहे. आबा आधीपासूनच ते जाणून होते. पण मनात जाणून असणं वेगळं आणि दुपारच्या उन्हात कुणीतरी वाचून दाखवणं वेगळं. लिहिण्यात एवढी ताकद असते हे ऐकून तुम्हाला आनंद होत असेल, तर थोडं थांबा आणि आबांचा विचार करा. लिहिल्यानं मन हलकं होतं असं पुष्कळ ठिकाणी म्हटलेलं असतं. हंबीररावांचं झालं नाही.

माझी बदली झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सामान बांधत होते. वर्गात खडूच्या खोक्यांशी मी एकटी. तेव्हा राहीबाई आल्या, बरोबर त्यांची शेजारीण दगडाबाई. दगडाबाई बाहेरच थांबली. राहीबाई दाराला धरून उभ्या राहिल्या आणि मला विचारलं, की तो कागद अजून आहे का. मला वाटलं, जाळायला मागतात. मी सांगितलं, हंबीररावांकडं आहे. मग म्हणाल्या, त्याला घेऊन घरी या, तो एकटा यायचा नाही.

आम्ही गेलो. भर दुपारी, सगळ्या गावासमोरून. गाव दारांत उभं राहून बघत होतं. सोप्यात आबांची जागा रिकामी होती, तिथं कुणी बसलं नाही. हंबीररावांची मान वर होईना. राहीबाईंनी सांगितलं, वाच.

ते म्हणाले, "काकी, कशाला? त्यापायी आबा गेलं."

राहीबाई म्हणाल्या, "आबा गेलं ते त्यांच्या मनानं गेलं. मला कुनी इचारलं न्हाई तवा, आता मी सांगती. रस्त्यावर दगड हाय. त्यावर नाव हाय म्हनत्यात, मला वाचता येत न्हाई. त्यो दगड काय बोलत न्हाई. तुज्या कागदात माजं लेकरू बोलतंय. वाच."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. ऊस आला, दहिवर आलं, गोळी आली. कृष्णातनं कांडं हातात धरलं, हा खोडवा दिसतोय, लागण नव्हे, कुणाचा असेल, असं विचारलं. राहीबाईंनी हात वर केला.

"हितं थांब," त्या म्हणाल्या. "फुडचं मी ऐकलंय. आता पुन्यांदा पयल्यापासनं वाच."

हंबीररावांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुन्हा तिथंच थांबवलं. त्या दिवशी ते तसंच चालू राहिलं. तिसऱ्या खेपेला मी बाहेर जाऊन दगडाबाईपाशी बसले.

मी माधवनगरला आले. दर दिवाळीला हेळवंडीला जाऊन येते. गावाचा राग आता थोडा निवळला आहे, लोक हंबीररावांशी कामापुरतं बोलतात. राहीबाई थकल्या आहेत, डोळ्यांनी दिसत नाही. हंबीरराव बाजाराच्या दिवशी त्यांच्याकडं जातात, सोप्यात बसतात आणि वाचतात. वाचतात म्हणजे कागद हातात असतात एवढंच, त्यांना ते पाठ आहे. आणि प्रत्येक वेळी त्या तिथंच थांबवतात, पाण्याच्या अलीकडं. त्या घरात कृष्णात गेली चार वर्षं पाणी मागत नाही, वडिलांचं नाव घेत नाही, मरतही नाही. उसात पडून हा ऊस कुणाचा म्हणून विचारतो आहे.

गेल्या दिवाळीत मी हंबीररावांना कोरे कागद नेले होते. म्हटलं, दुसरं काही लिहा. तुम्हाला हात आहे. त्यांनी कागद घेतले, नीट घडी घालून मला परत दिले. आम्ही नदीच्या बाजूनं चाललो होतो. मी विचारलं, दर आठवड्याला अर्धंच वाचून उठता, जड नाही जात?

त्यांनी वाटेत आडवी आलेली फांदी पायानं बाजूला केली. मग म्हणाले, "काकी हितं थांब म्हनती आन् डोळं मिटून बसती, तिला बरं वाटतं. फुडचं माझ्यापाशी ऱ्हातं, बाई. ते कुनाला तरी घिऊन बसाय लागतंच."

नवलेखक मंडळाच्या मुलांनो, मला याहून जास्त काही येत नाही. लिहा. पाहिलेलं लिहा, बोललेलं जसंच्या तसं लिहा, ज्यांचं आहे त्यांना आधी वाचून दाखवा, आणि घरात जी बाई सुपाशी गप्प बसलेली असते तिलाही विचारा. पण लिहून हातावेगळं होईल, या भरवशावर लिहू नका.

निरोपाच्या दिवशी गोड बोलावं असा रिवाज आहे, तो माझ्याकडून आज मोडला. नानासो, तुमचं वाक्य मी भर सभेत दुरुस्त केलं, ती मास्तरकीची खोड समजून पोटात घाला. अध्यक्षांनी एका निवृत्त बाईला इतका वेळ बोलू दिलं, आवटी सरांनी आणि माझ्या सहकाऱ्यांनी हा सोहळा मांडला, गिरणीतून दमून आलेली माणसं शेवटपर्यंत उठली नाहीत, त्या सर्वांची मी ऋणी आहे. इतक्या वर्षांत वर्गात कुणाला विनाकारण बोलले असेन, कुणाचा चांगला निबंध घाईत लाल शाईनं खराब केला असेन, तर त्याबद्दल इथं हात जोडून माफी मागते.

मला निरोप द्यावा.